गावच्या जावयाला दंड नसतो

१३ मे १९९४, शुक्रवार. आखाजी.
आजपासून नवीन आयुष्य. एकतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर बसून दुसऱ्यांच्या कागदांना नंबर टाकले. पुरे झालं. धुळ्याचं घर बंद करून, सामान टेम्पोत टाकून काल संध्याकाळी बोरदरे, तालुका साक्री, इथे दाखल. ही माझी सासुरवाडी. सौ.ला भाऊ नाही, त्यामुळे सासऱ्यांच्या वावरापैकी तिच्या वाट्याचं चार एकर तिच्या नावावर आलेलं. वावराला लागून गावाची टेकडी. तिच्यावर झाड नाही, गवत नाही, नुसते दगड.

मार्चमध्ये जळगावला दोन दिवसांचं शिबिर केलं आणि डोळे उघडले. पर्माकल्चर! नांगरायचं नाही, निंदायचं नाही, खत नाही, औषध नाही. निसर्ग सगळं करतो, माणसाने मध्ये तडमडायचं नाही. दाढीवाले वक्ते हे सांगत होते तेव्हा वाटलं, हा गृहस्थ माझ्याविषयीच बोलतोय. माझी कामाची पद्धत पहिल्यापासून हीच आहे. कचेरीत तिला वेगळं नाव होतं, एवढंच.

एकच कटकट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, सालदाराचं, साल संपतं, जुना जातो नाहीतर पुन्हा ठरतो, ही इथली रीत. वावर भिकन नावाचा सालदार बघतो, सासऱ्यांच्या वेळेपासून. मी म्हटलं, त्याला मोकळा कर, आता सालदार नको, सिस्टिम हवी. सौ. म्हणाली, बरं, भिकनच्या जागी तुम्ही. आखाजी ते आखाजी. वर्षाचं धान्य घरात आलं तर पुढे मुक्काम. नाही आलं तर धुळ्याला मोतीलालभाऊंच्या दुकानात जाऊन बसायचं. मोतीलाल म्हणजे माझा साडू. दुकान रासायनिक खतांचं आणि फवारणीच्या औषधांचं. म्हणजे मी उरलेलं आयुष्य विषाच्या डब्यांवरची धूळ झटकायची, आणि तीही साडूच्या!

साक्षीला आधार नाना. वय सत्तर, शेजारचं वावर त्यांचं, सौ.चे चुलते लागतात. त्यांनी सौ.च्या हातून मला विडा-सुपारी द्यायला लावली, सालदाराला देतात तशी. गंमत म्हणून घेतली. मी स्वतःला प्रकल्प-संचालक समजतो. सुपारी मात्र चांगली होती.

१५ मे, रविवार.
प्लॅन तयार. चार रंगांची स्केचपेनं. शिबिराच्या सायक्लोस्टाइल नोट्सप्रमाणे जमिनीचे झोन पाडायचे. स्वयंपाकघरामागचा तुकडा झोन एक. तिथे रोज हात लागतो, म्हणून तो सौ.कडे दिला. झोन दोन ते चार घरासमोरच्या अर्ध्या एकरात. झोन पाच म्हणजे पूर्णपणे निसर्गावर सोडलेला भाग, तिथे माणसाने पाऊलसुद्धा ठेवायचं नाही. अभ्यासाअंती असं दिसलं की आपल्या जमिनीला झोन पाच फार मानवेल. उरलेला सगळा, साडेतीन एकर, झोन पाच केला.

सौ.ने नकाशा पाहून विचारलं, यात माणसाने उभं कुठे राहायचं. मी निंबाच्या झाडाखालची बाजेची जागा दाखवली.

२ जून, गुरुवार.
रोज पहाटे पाचला उठण्याचा संकल्प. साडेआठला उठलो. निसर्गात कोणी गजर लावत नाही.

११ जून, शनिवार.
गावाची मीटिंग, मारुतीच्या पारावर. बोलावणारी सुगंधाबाई. महिला मंडळाची अध्यक्ष आणि नऊ बकऱ्यांची मालकीण. तिचं म्हणणं, फाल्गुनात बठ्ठ्या म्हणजे सगळ्या विहिरी कोरड्या पडतात, बायांच्या डोक्यावरचे केस हंड्याखाली झिजले. तर टेकडीवर आडव्या दगडी पाळी घालू, पाणी अडवू, झाडं लावू. घरटी एक माणूस.

ही कल्पना मला मार्चमध्ये जळगाव-धुळे बसमध्येच आली होती. मोठेपणाने बोललो नाही. नियम लिहून देण्याचं काम मात्र मागून घेतलं, कारण ड्राफ्टिंग गावात दुसऱ्या कोणाला येणार? नियम क्रमांक चार माझ्या विशेष आवडीचा: जो कोणी पाळीचा दगड हलवील, रोप मोडील अथवा टेकडीची हानी करील, मग तो कितीही मोठा असो, त्याने दहा हात नवी पाळ स्वतः घालून द्यावी. शाळेतल्या पंडित गुरुजींनी मोठ्याने वाचलं. "कितीही मोठा असो" ला मी पारावर बसलेल्या प्रतिष्ठितांकडे एकेक करून बघितलं.

१७ जून, शुक्रवार.
पाळी सम पातळीत हव्यात, नाहीतर पाणी एका टोकाला पळतं. त्यासाठी मी तीन लाकडांची कैची आणि मध्ये ओळंबा असं शास्त्रीय यंत्र बनवलं. चार दिवस भर उन्हात टेकडीभर चुन्याच्या खुणा केल्या. आज आधार नानांनी यंत्र हातात घेऊन नुसतं उभं केलं आणि सांगितलं की एक पाय दोन बोटं आखूड आहे. म्हणजे माझ्या सगळ्या रेषा टेकडीवरून खाली उतरत होत्या. सुतार चुडामण याने पाय आखूड कापला. मी त्याला पाय मोजून द्यायला विसरलो हा वेगळा मुद्दा.

सुगंधाबाईने मग एक अडाणी तोडगा काढला. म्हणे बकरी कधी उगाच चढत नाही की उतरत नाही, टेकडीला आडवी चालते. पन्नास वर्षांच्या बकऱ्यांच्या वाटा टेकडीवर पडल्यात, त्याच सम पातळीत. त्याच वाटांवर पाळी घालू. दुपारपर्यंत सगळ्या रेषा ठरल्यासुद्धा. माझी रेषा आणि बकऱ्यांची रेषा दोन ठिकाणी तंतोतंत जुळली. बकऱ्यांचं शास्त्र साधारण बरोबर आहे असं म्हणता येईल.

२ जुलै, शनिवार.
पाऊस झाला. अख्खं गाव पेरतंय. मी बाजेवरून बघतोय. नोट्समध्ये याला निरीक्षण म्हटलं आहे, आणि पहिलं वर्ष निरीक्षणातच घालवावं असंही म्हटलं आहे. सौ.ला ते वाक्य अधोरेखित करून दाखवलं. ती म्हणाली, निरीक्षणाला मीठ लावून खाता येतं का?

बियांचे चारशे मातीचे गोळे केले होते. कोंबड्यांनी फोडून खाल्ले. कोंबड्या आधार नानांच्या. तक्रार केली तर ते म्हणाले, अंडी पाठवतो.

९ जुलै, शनिवार.
सौ.ने पेन्शनच्या कागदांसाठी आग्रहाने धुळ्याला पाठवलं होतं. इतका आग्रह तिने लग्नातही केला नव्हता. तीन दिवस राहून आज परत. लांबूनच दिसलं, झोन पाचची माती पार भुसभुशीत! गांडुळं. तीन दिवसांत साडेतीन एकर! निसर्गाला एकटं सोडलं की तो काय करतो याचा हा धडधडीत पुरावा. फाईलला नोंद केली.

२१ जुलै, गुरुवार.
झोन पाच आपोआप उगवला. बाजेवरून पाहिलं तर बाजरी आणि मध्ये मध्ये उडीद, ओळीच्या ओळी, दोरी धरल्यासारख्या. निसर्गाला सरळ रेषा आवडतात हे दाढीवाल्यांनी सांगितलं नव्हतं. पत्र लिहून कळवलं. सौ.ला दाखवलं तर म्हणाली, वा, कमाल शे. अहिराणीत बोलली म्हणजे खूश असणार.

२७ जुलै, बुधवार.
झोन दोनमध्ये औषधी वनस्पतींसाठी गोल गोल चढत जाणारा दगडी चक्रव्यूह हवा होता. दगड लागणार सव्वाशे. टेकडीच्या पायथ्याशी चांगले निवडक दगड रांगेत नुसते पडून होते. दोन दिवस वाहिले. कंबर धरली.

संध्याकाळी बोभाटा. म्हणे मी सगळ्यात खालची पाळ उचलून आणली. मी म्हटलं, पाळ असेल तर तिच्यावर पाटी लावायला नको? पारावर बैठक. नियम क्रमांक चार वाचला गेला. पंडित गुरुजींनी "कितीही मोठा असो" वर थोडा दम घेतला, ते मुद्दाम होतं.

तेव्हा आधार नाना उठले. गावना जवाईले दंड? बठ्ठा गावनं नाक कापाई जाई, म्हणाले. जावयाच्या हातात दगड द्यायचा म्हणजे आपण आपल्याच लेकीचा अपमान केला. सगळ्यांनी मान हलवली. संस्कृती शिल्लक आहे खेड्यात! मी नम्रपणे हात जोडले. शेवटी ठरलं की जावयाला दंड नसतो, पण नियमाकडे तर कानाडोळा करता येत नाही, तेव्हा दंड गावच्या लेकीला. म्हणजे सौ.ला. दहा हात.

प्रकरण निकाली. औषधी चक्रव्यूहात आधार नानांची कोंबडी बसली आहे.

१५ ऑगस्ट, सोमवार.
झेंडावंदनाला भाषण होतं. विषय: लोकसहभाग. अकरा पानं. श्रोते: पंडित गुरुजी. बाकी अख्खं गाव इथल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला नदीवर. काल रविवारी घरोघर कानबाई बसली, रोटांचं जेवण झालं, आज विसर्जन. मला वाटलं होतं, निदान राष्ट्रासाठी चार माणसं थांबतील.

दुपारी कळलं की नदीवर सगळ्या बायांनी कानबाईसमोर शपथ घेतली. टेकडीवर आजपासून चराईबंदी. एकही जनावर सोडायचं नाही, चारा विळ्याने कापून घरी आणायचा. पहिली शपथ सुगंधाबाईची. नऊच्या नऊ बकऱ्या दावणीला बांधल्या. सभेचा कोरम नाही, ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. मी विचारलं, याला आधार काय. सौ. म्हणाली, कानबाई.

६ सप्टेंबर, मंगळवार. पोळ्याचा दुसरा दिवस.
शेणासाठी गाय घेतली होती, कपिला. प्राण्याला दोरीने बांधणं निसर्गाविरुद्ध आहे, म्हणून दावं नाही. काल गाव बैल सजवण्यात गुंतलेलं. कपिला टेकडीवर गेली आणि बायांनी लावलेली अंजनाची चौदा रोपं खाऊन आली. मला विचाराल तर यात गायीची निवड वाखाणण्यासारखी आहे. अंजनाचा पाला उत्तम चारा आहे हे पुस्तकातही दिलंय.

पारावर मी एकच वाक्य बोललो. गायीला नियम वाचून दाखवला होता का? कोणी हसलं नाही. जावयाला दंड नसतो हे मात्र कोणी विसरलं नव्हतं. दुसरा गुन्हा म्हणून दंड दुप्पट. सौ.ला वीस हात.

सौ.ने भाकरी खाल्ली, पाटी उचलली आणि टेकडीवर गेली. संध्याकाळी दिवेलागणीला आली. मी स्वतःचं पाणी स्वतः घेऊन प्यायलो, म्हणजे तिच्यावर ताण नको.

३० सप्टेंबर, शुक्रवार.
सुरतेत प्लेगची साथ. गिरण्यांत कामाला गेलेली बोरदऱ्याची माणसं गाठोडी घेऊन परत आली. सुगंधाबाईने आठ दिवस त्यांना नदीकाठच्या मळ्यात वेगळं राहायला लावलं, जेवण पोचवलं, आणि नवव्या दिवशी टेकडीवर पाठवायचं ठरवलंय. त्यांना काम नाही आणि टेकडीला माणसं नाहीत, बसला मेळ. बाई अशी, की आमच्या कचेरीत असती तर सहा महिन्यांत आम्हा सगळ्यांना कामाला लावलं असतं. बरं झालं नव्हती.

माझ्याकडूनही काहीतरी भरीव योगदान हवं. माझा अर्धा एकर सध्या छातीइतक्या हिरव्यागार झुडपांनी भरलाय. पांढरी बारीक फुलं, फारच लोभस. एक बी पेरलेलं नाही. निंदायचं नाही हे तत्त्व पाळलं की जमीन स्वतःला कशी झाकून घेते बघा. आधार नाना याला गाजरगवत म्हणतात आणि थुंकतात. मी याला जिवंत आच्छादन म्हणतो. भिकनला सांगून दोन गाड्या कापून टेकडीवरच्या सगळ्या रोपांभोवती अंथरायला दिलं. भिकन म्हणाला, पाव्हणं, फुलावर आलंय हे. मी म्हटलं, फुलं म्हणजे बोनस.

भिकन हल्ली रोज झोन पाचच्या बाजूने का येतो, कळत नाही. बिचाऱ्याला जुन्या वावराची सवय असेल.

२३ ऑक्टोबर, रविवार.
परतीचा पाऊस छान झाला. टेकडी हिरवी झाली. पण गाजरगवताने. प्रत्येक रोपाभोवती हाताच्या अंतरावर दाट, वीतभर. रोपं दिसत नाहीत.

पारावर यावेळी मला बोलावलंसुद्धा नाही. सौ. एकटी गेली आणि परत येऊन खुरपं शोधू लागली. दंड: टेकडीवरचं सगळं गाजरगवत मुळासकट उपटणं, आणि शिवाय तीस हात पाळ. मी म्हटलं, हा अन्याय आहे, अपील करता येईल, मी मसुदा करतो. ती म्हणाली, करा.

२९ ऑक्टोबर, शनिवार.
सौ.च्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत पुरळ आणि फोड. गाजरगवताने होतं म्हणे असं काही जणांना. रात्रभर खाजवत होती. आज सकाळी निंबाचा पाला वाटून दिला. वाटायला मला पाऊण तास लागला, पाटा जड आहे. लावताना तिच्या तळहाताकडे लक्ष गेलं. घट्टे पडलेत. हे हात धुळ्याला असे नव्हते.

वाईट वाटलं. खूपच वाईट वाटलं. इथे लिहून ठेवतो, कारण तिला सांगायला गेलो तर ती पारावरच्या सगळ्यांसारखी मान हलवेल.

उद्यापासून मी स्वतः उपटायला जाणार. ठाम.

३० ऑक्टोबर, रविवार.
गेलो होतो. सुगंधाबाईने हातातलं खुरपं काढून घेतलं. जावयाने खुरपं धरलं तर लोकं आम्हाला काय म्हणतील? पायथ्याशी बसवून चहा दिला. मला ॲलर्जीही असू शकते, त्यामुळे एका अर्थी बरंच झालं.

४ नोव्हेंबर, शुक्रवार. दिवाळी.
मोतीलाल आला, जीपमधून. भेट म्हणून युरियाचं पोतं. मी ते दारात अडवलं. तोवर झोन पाचची बाजरी खुडून, मळून झाली होती. सौ.ने माणसं लावून उरकलं, मी तत्त्वासाठी पाय ठेवला नाही. अकरा पोती बाजरी, दोन उडीद. मोतीलालला म्हटलं, बघ, ना नांगर, ना पेरणी, ना तुझं पोतं. निसर्ग!

मोतीलाल वावरात गेला, धसकटांच्या ओळी बघितल्या आणि इतका हसला की धोतराचा सोगा सावरावा लागला. म्हणाला, भाऊ, तुमचा निसर्ग दोन नळ्यांच्या पाभरीने पेरतो. त्याच्यासारख्या दुकानदाराला काय कळणार? नंतर गोठ्यात सहज डोकावलो तर आढ्याला पाभर टांगलेली. फणांना माती वाळलेली. आधार नानांनी ठेवायला दिली असेल. त्यांच्याकडे जागा कमी आहे.

त्यांचा गोठा आमच्यापेक्षा मोठा आहे.

२२ जानेवारी १९९५, रविवार.
माझ्या पत्रांना उत्तर म्हणून शिबिराचे दाढीवाले स्वतः आले! सोबत जळगाव-धरणगावकडचे वीस शिबिरार्थी. मी नकाशाची मोठी प्रत काढून ठेवली होती. त्यांनी नकाशा आदराने बघितला, घडी घातली आणि विचारलं की बकऱ्यांच्या वाटांवर पाळी घालणाऱ्या बाई कुठे भेटतील. मग तीन तास सगळे टेकडीवर. सुगंधाबाई पुढे, सौ. तिच्याजवळ, वीस वह्या मागे. मी कपिलाला धरून उभा. ती आता दाव्याला बांधलेली असते.

दाढीवाल्यांनी एका पाळीपाशी थांबून विचारलं, ही एवढी लांब, एवढी नीट बसवलेली पाळ कोणाची? गावातली सगळ्यात लांब आहे ही, साठ हात. गाव तिला सौ.च्या नावाने यशोदानी पाळ म्हणतं. ही एका बाईने एकटीने का घातली, असं त्यांनी विचारल्यावर सुगंधाबाईने पहिल्यापासून सगळं सांगितलं. चक्रव्यूह, गाय, बोनस. वीसच्या वीस हसले. मी सगळ्यांच्या आधी हसलो, म्हणजे कोणाला वाटू नये.

सौ. हसली नाही. ती पाळीतला एक हललेला दगड बसवत होती.

१७ मार्च, शुक्रवार. धूळवड.
आमची विहीर दरवर्षी महाशिवरात्रीला तळ दाखवते. आज दोर टाकून मोजलं. दीड पुरुष पाणी. आधार नाना विहिरीच्या काठावर बसून लहान मुलासारखे रडले. त्यांच्या सत्तर वर्षांत शिमग्याला या विहिरीत पाणी नव्हतं. टेकडीवर गवत कंबरेला आलं होतं, ते कापून प्रत्येक घरी गंजी लागली आहे. सुगंधाबाईच्या बकऱ्या नवाच्या चौदा झाल्यात, दावणीवर.

मी हिशेबाने विचार केला. या सगळ्यात माझा वाटा काय? नियम मी लिहिले. बाकी आठवतोय. अजून आठवतोय.

२६ एप्रिल, बुधवार.
आखाजी सहा दिवसांवर. करार पूर्ण झाला आहे, धान्य घरात आहे, म्हणजे मुक्काम पक्का. तरीही रोज पहाटे जाग येते. पाचला. गजराशिवाय. गोठ्यात जाऊन पाभरीकडे बघून येतो.

आज भिकनला विचारलंच. तो खाली बघत म्हणाला, ताईने सांगू नको अशी शपथ घातली होती. तुम्ही धुळ्याला होता त्या तीन दिवसांत पेरणी. नंतर निंदणी, कोळपणी, दुपारी तुमचा डोळा लागला की. दोघांनीच केलं. तुम्हाला दुकानात जावं लागू नये म्हणून ताई करत होती, म्हणाला.

सरळ रेषेचा मला संशय होताच.

खोटं लिहिलं. नव्हता.

२ मे १९९५, मंगळवार. आखाजी.
माहेरवाशिणी आल्यात, चिंचेच्या झाडाला झोके बांधलेत, गौराईची गाणी चालली आहेत. सकाळी आधार नाना साक्षीला आले. सौ.ने विडा-सुपारी काढली आणि भिकनच्या हातात दिली. धान्य आलं, पण सालदाराने आणलं नाही, एवढंच म्हणाली. रागाने नाही. रागाने म्हणाली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

मी विचारलं, मग मी मोतीलालकडे जाऊ? तेही तिने विचारून ठेवलं होतं. मोतीलालभाऊ नाही म्हणाले. गिऱ्हाइकाला खत घेऊ नका म्हणून सांगत बसाल, म्हणे. मग तुम्ही इथेच राहा, जावई म्हणून राहा, म्हणाली. जेवायला वेळेवर या.

दुपारी मी टेकडीवर गेलो. आज आखाजी असूनही बाया तासभर वर होत्या. पावसाआधी वरच्या अंगाची नवी पाळ संपवायची होती. मी सुगंधाबाईला सगळ्यांसमोर म्हटलं, मागचे तिन्ही दंड माझे होते. साठ हात. नियम मीच लिहिलाय, त्यात कितीही मोठा असो असं आहे. आता माझ्याकडून वसूल करा, मला साठ हातांची आखणी करून द्या. आवाज जरा कापला. कापू दिला.

सुगंधाबाई हसली नाही, चिडलीही नाही. दंड आपला माणूसले राहस, पाव्हणाले नही, म्हणाली. आणि कामाला लागली.

मी वाकून एक दगड उचलला. चांगला मोठा. चार पावलं नेला असेल, तोच आधार नाना धावत आले. सत्तर वर्षांचा माणूस, त्यांनी तो माझ्या हातून हळूच, मानाने काढून घेतला. बठा ना पाव्हणं, म्हणाले. कोणीतरी सावली बघून घोंगडी अंथरली. मी बसलो.

समोर सौ. पाळीत दगड लावत होती. एक बसवला, हलवून बघितला, पुन्हा काढला, फिरवून लावला. मग पदराने कपाळ पुसलं आणि वर बघून मला विचारलं, पाव्हणं, ऊन त लागत नही ना?

नाही म्हणालो.